कौलांखालचा रिकामा मजला

मे महिन्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे ठाऊक असतं: दुपार एक वेळ निभावते, पण रात्री नऊ-दहाला पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते. दोष पंख्याचा नाही. दिवसभर उन्हात स्लॅबचा वरचा थर 60 अंशांच्या आसपास तापतो. ती उष्णता पाच-सहा इंच काँक्रीटमधून खाली झिरपायला काही तास घेते आणि आपण अंथरुणं घालतो तेव्हा छताच्या खालच्या अंगाला पोचते. तिथून अवरक्त किरणांच्या रूपाने ती थेट आपल्यावर पडते.

कोकणातल्या कौलारू घरात ही वाट मधेच तुटते, माळ्यावर. कौल पातळ, त्यामुळे तापतंही लवकर आणि सूर्य कलला की निवतंही लवकर. तापलेली हवा आढ्याकडे चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. तिच्या जागी वळचणीकडून नवी हवा आत येते. खाली उरते ती माळ्याची फळी, आणि लाकूड उष्णता नेण्यात आळशी. शिवाय माळ्यावर भात, नारळ, जुनी पातेली यांची रास असतेच. चुलीचा धूरही तिथूनच जायचा, त्यामुळे वासे काळे पडायचे पण कीड दूर राहायची. गॅस आला आणि वाशांचं हे धुरी देणं बंद झालं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

मंगलोरी कौल त्या मानाने अलीकडचं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांमुळे ते नळीच्या कौलापेक्षा घट्ट बसतं. वानरांपुढे मात्र दोन्हींचं काही चालत नाही, आणि कोकणात कित्येकांनी पत्रा घातला तो त्यांच्याच उच्छादामुळे.

माळ्याचा गुण तो रिकामा असण्यात आहे, माणसं राहण्यात नाही. पॅरिसमध्ये जस्ताच्या पत्र्याच्या छपराखाली मोलकरणींसाठी खोल्या काढल्या, पुढे त्या भाड्याने जाऊ लागल्या. ऑगस्ट 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं दगावली. थेट छपराखाली झोपणाऱ्या वृद्धांना धोका जास्त होता, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे गच्चीवर पत्र्याची शेड घालायची लाट आली ती बहुतेक गळतीपायी, पण त्यातून माळाच परत आला. स्लॅब सावलीत राहतो, मधून वारा खेळतो. बाजू बंद करून खोली केली की हा फायदा संपला. पत्र्याखाली ॲल्युमिनियमचा चकचकीत थर लावला तर आणखी फरक पडतो, कारण तापला तरी तो फार थोडी उष्णता बाहेर टाकतो. चकचकीत बाजू मात्र खाली, मोकळ्या जागेकडे हवी. वर केली तर वर्षभरात धूळ बसते आणि पैसे वाया जातात.