नळी कुणाच्या मापाची?

एक्मो या यंत्रावर ठेवलेल्या पेशंटच्या खाटेशी गेलं की नजर आपोआप मशीनवर जाते. एका नळीतून काळपट तांबडं रक्त बाहेर येत असतं, दुसरीतून लालभडक रक्त आत जात असतं. मधल्या पंपाची चकती मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असते. नर्स मात्र ठरावीक वेळाने चादर वर करून पेशंटचे पाय बघते. दोन्ही पोटऱ्यांना हात लावते, कुठला पाय गार लागतोय का, पोटरी टणक झालीय का, हे चाचपते, नखं दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहते. आपल्याकडे बाई असेल तर जोडवी आधीच उतरवलेली असतात, कारण बोटांची सूज आणि रंग उघडा दिसायला हवा.

फुप्फुसांचं, आणि गरज पडली तर हृदयाचंही, काम बाहेरून करणाऱ्या या यंत्राचं नाव ४ डिसेंबर २०१६ ला जयललितांच्या बातमीत आलं, तोवर डॉक्टरांच्या जगाबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कोविडात ते घरोघरी पोचलं. मशीन वाचवतं की नाही, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. बाईला आणि पुरुषाला ते सारखंच लागू पडतं का, हा प्रश्न त्या गडबडीत बाजूलाच राहिला. मला तो पायांपासून सुरू करावासा वाटतो.

हृदय बंद पडत आलेलं असतं तेव्हा एक नळी मांडीच्या शिरेतून वर सरकवून रक्त बाहेर काढतात, पंपाने रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरमधून फिरवतात आणि दुसऱ्या नळीने मांडीच्या धमनीत परत ढकलतात. ही दुसरी नळी धमनीत वरच्या दिशेने, पोटाकडे तोंड करून बसवलेली असते. म्हणजे सगळ्या शरीराला रक्त मिळतं, पण ज्या पायातून ती आत गेली तो पाय नळीच्या मागे राहतो. नळी आणि धमनीची भिंत यांच्यामध्ये जी फट उरेल, त्या फटीतून खाली जे झिरपेल तेवढ्यावर त्याने भागवायचं.

या नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. धमनीत साधारण १५ ते १९ फ्रेंचची, म्हणजे पाच ते सव्वासहा मिलिमीटरची नळी जाते. निरोगी पुरुषाची मांडीतली धमनी नऊ-दहा मिलिमीटरची असते, बाईची त्याहून एक-दीड मिलिमीटरने अरुंद. पेशंट शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही अशा अवस्थेत असतो, आक्रसलेल्या रक्तवाहिन्या आणखी बारीक करणारी औषधं चालू असतात आणि वय झालं असेल तर आतून चुन्याचा थरही बसलेला असतो. कागदावर दिसणारी फट प्रत्यक्षात उरतच नाही.

मग बारीक नळी का घालत नाहीत? कारण नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. १७ ऐवजी १५ फ्रेंचची नळी घेतली तर जाडी फक्त पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर कमी होते, पण तेवढ्याच दाबाने जाणारं रक्त ढोबळ हिशेबाने चाळीस टक्क्यांनी घटतं. हा आकडा डोक्यात असलेला डॉक्टर जाड नळीकडेच हात नेणार. दुसरा हिशेब मात्र पुष्कळदा मागे पडतो. किलोमागे मिनिटाला साठेक मिलिलिटर हा ठोकताळा धरला, तर ७० किलोच्या पुरुषाला सव्वाचार लिटर लागतात आणि ५० किलोच्या बाईला तीन. तीन लिटरला १५ फ्रेंच पुरते.

आणि हे भय पुस्तकी नाही. २०२३ मध्ये जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या ४४ केंद्रांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या ४१७ जणांची तुलना होती. एका गटाला लगेच एक्मो, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. तीस दिवसांतले मृत्यू जवळपास सारखे निघाले, ४७.८ आणि ४९ टक्के. पण हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास एवढा, की त्यासाठी वेगळा इलाज करावा लागला असे एक्मोच्या गटात ११ टक्के होते, दुसऱ्यात ३.८. मोठा रक्तस्राव २३.४ टक्क्यांना, दुसरीकडे ९.६. या ४१७ मध्ये पुरुष ८१ टक्के होते. म्हणजे ज्यांच्या धमन्या तुलनेने रुंद, त्यांचेच हे आकडे आहेत.

पायानंतर रक्त. मशीनच्या नळ्या रिकाम्या ठेवून चालत नाही, हवेचा एक बुडबुडा मेंदूत गेला तरी संपलं. म्हणून त्या आधी सलाईनने भरतात. एक्मोला अर्धा-पाऊण लिटर लागतं. बायपाससारख्या ऑपरेशनच्या हार्ट-लंग मशीनला एक-दीड लिटर. हे पाणी पेशंटच्या रक्तात मिसळतं. समजा बायपासला आलेला ७० किलोचा पुरुष आहे, अंगात ४.९ लिटर रक्त, हिमोग्लोबिन १४. सव्वा लिटरच्या जरा खाली, १.२ लिटर सलाईन मिसळलं की हिमोग्लोबिन ११ च्या वर राहतं. ५० किलोच्या बाईच्या अंगात रक्तच सव्वातीन लिटर, हिमोग्लोबिन १०.५. तिचं ७.७ वर येतं. त्याला बाहेरचं रक्त लागणार नाही. तिला मात्र पहिला टाकाही पडण्याआधी रक्ताची पिशवी मागवावी लागते, आणि पुढे प्रत्येक पिशवीबरोबर फुप्फुसाच्या, किडनीच्या तक्रारींची शक्यता वाढते. तिचं १०.५ मी उगाच खाली धरलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयी निघाल्या, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. पुरुषांत हे प्रमाण पंचवीस टक्के आहे. बाई-पुरुषांतला मुळातला फरक आपल्याकडे असा आणखी रुंदावतो.

याला उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. मशीन पेशंटच्या जवळ ओढून नळ्या आखूड करायच्या. सुरुवातीला पेशंटचंच रक्त उलट दिशेने नळ्यांत सोडून सलाईन बाहेर काढायचं. मशीन सांभाळणारे परफ्युजनिस्ट हे जाणतात. किती केलं जातं हे त्या त्या हॉस्पिटलच्या सवयीवर असतं.

यंत्र माणसाच्या मापाचं नसलं की काय होतं, याचा सगळ्यात उघडा नमुना म्हणजे डाव्या हृदयाला मदत करणारे पंप, जे शरीरात बसवून पेशंटला घरी पाठवतात. २००० च्या आसपासचा हार्टमेट एक्सव्हीई पंप सव्वा किलोचा होता आणि पोटात बसवावा लागे. शरीराचं पृष्ठफळ किमान दीड चौरस मीटर हवं, अशी अट होती. पाच फूट उंचीच्या, ४५ किलोच्या बाईचं ते १.४ च्याही खाली भरतं. सोलापुरातल्या नाहीतर रत्नागिरीतल्या कितीतरी आज्या त्या पंपाच्या दारातूनच परत गेल्या असत्या. पुढे तिसरी पिढी आली ती हार्टमेट ३, वजन दोनशे ग्रॅम, छातीत हृदयालगत बसणारी. तिच्या हजारावर पेशंटांच्या चाचणीत बाई आणि पुरुषांच्या जगण्यात फरक राहिला नाही. रक्तस्रावासारख्या गुंतागुंती बायकांमध्ये जास्त राहिल्या, ते खरं. पण जगण्यातली दरी शरीरापेक्षा यंत्रात जास्त होती, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्याही चाचणीत बायका पाचात एकच होत्या.

हा पाचात एक जिथेतिथे भेटतो. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाच्या डाव्या कप्प्यात मांडीतून बारीक पंप सरकवायचा, हार्ट अटॅकच्या शॉकमध्ये. ३५५ पेशंट गोळा करायला दहा वर्षं लागली. सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले. या क्षेत्रात असा निकाल दुर्मीळ, म्हणून टाळ्या पडल्या, आणि त्या पडायलाच हव्या होत्या. पण पुरुष आणि बायकांचे आकडे वेगळे काढले तेव्हा फायदा पुरुषांत दिसला, बायकांत दिसला नाही. आता यावरून ‘बायकांना हा पंप नको’ असं म्हणायचं का? त्या होत्याच सत्तरएक, आणि एवढ्या थोड्यांत खरा फायदाही लपून जाऊ शकतो. त्यांच्या बारीक धमनीतून १४ फ्रेंचचा पंप गेला, त्याने केलेलं नुकसान फायद्याला खाऊन गेलं असंही असू शकतं. दोन्ही अर्थ लागतात आणि पेशंट पुढ्यात आल्यावर डॉक्टरला यातला एक निवडावा लागतो. माझी तक्रार एवढीच, की दहा वर्षं चाललेल्या चाचणीत बायकांपुरता प्रश्न सुटेल इतक्या बायका घ्यायचं आधी ठरवता आलं असतं.

एक्मोवर बायका जास्त दगावतात का, असं सरळ विचारलं तर अभ्यासांचं उत्तर एकमुखी येत नाही. कुठे मृत्यू सारखे, कुठे थोडे इकडेतिकडे. त्याचं एक कारण असं, की ‘बायका’ हा एक गट नाहीच. हार्ट अटॅकने येणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा वयाने मोठ्या असतात, उशिरा येतात, कारण छातीत कळ येण्याऐवजी दम लागणं, मळमळणं, पाठीत दुखणं असं काहीतरी होतं आणि घरात ते पित्तावर जातं. दुसऱ्या टोकाला बाळंतपणाच्या आसपास हृदय किंवा फुप्फुस निकामी झालेल्या बायका असतात. विशी-तिशीतल्या, बाकी शरीर धडधाकट, आणि हृदय काही दिवसांत सावरण्याची खरी आशा असलेल्या. एक्मोच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या अशा २८० जणींपैकी सुमारे ७० टक्के वाचल्या. सत्तरीच्या आजी आणि पंचविशीची ओली बाळंतीण यांची सरासरी काढली की मधला आकडा कुणाचाच नसतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक बाईच होती. १९३०-३१ च्या सुमाराला बॉस्टनमध्ये फुप्फुसात रक्ताची गाठ अडकलेल्या एका बाईशेजारी तरुण सर्जन जॉन गिबन रात्रभर बसून होता. काळं पडत चाललेलं रक्त बाहेर काढून त्याला प्राणवायू देता आला तर, हा विचार त्याला तिथे सुचला. ती वाचली नाही. पुढची वीस-बावीस वर्षं त्याने हार्ट-लंग मशीनवर घालवली, त्यातली बरीचशी बायको मेरीबरोबर प्रयोगशाळेत. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र त्याने बुजवलं, तेव्हा २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुसं म्हणजे ते मशीन होतं.

आता बऱ्याच ठिकाणी नळी घालण्याआधी अल्ट्रासाउंडची कांडी मांडीवर टेकवून धमनी मोजतात. सहा-साडेसहा मिलिमीटर दिसली की १५ फ्रेंच उघडायची, आणि त्याच वेळी खालच्या दिशेने दुसरी एक बारीक नळी, सहा-आठ फ्रेंचची, फक्त पायासाठी. पाय काळा पडल्यावर ती घालणं फार कठीण जातं. मोजायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतरही नर्स चादर वर करून दोन्ही पाय बघतच राहते.