लाल चौकटीची गोळ्यांची पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय का मिळत नाही?

"मागच्या महिन्यात दिलीत की, आता काय झालं?" आठवड्यातून दोन-तीनदा तरी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे ऐकतो. गर्दीत नीट सांगता येत नाही आणि उगाच शब्दाला शब्द वाढतो, म्हणून हे पत्रक.

साध्या पॅरासिटामॉलसाठी तुम्हाला कोणी अडवणार नाही. अडतं ते ट्रामाडोल, कोडीन, पेंटाझोसीन, ब्युप्रेनॉर्फिन अशा, सवय लागू शकणाऱ्या वेदनाशामक औषधांपाशी. त्यातलं ट्रामाडोल पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं आणि गोळीला कंपनीचं तिसरंच नाव असतं. गुडघ्यासाठी ती घेणाऱ्या आजींना आपण काय घेतोय याचा पत्ताच नसतो. पट्टी उलटी करून पाहा. लाल चौकटीत इशारा छापलेला असेल तर ते औषध 'शेड्यूल एच-१' मधलं, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद करूनच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. १ मार्च २०१४ पासून ही यादी लागू आहे. ट्रामाडोल तर एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याखालीही आलं.

या औषधांसाठी आमच्याकडे वेगळी वही असते. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं तिच्यात लिहावं लागतं आणि वही तीन वर्षं जपावी लागते. अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक आले की वही, खरेदीची बिलं आणि कपाट समोरासमोर ठेवतात. तीस पट्ट्या आल्या, वहीत बावीस गेल्या, तर कपाटात आठ हव्यातच. 'ओळखीतली' एक पट्टी दिली की हिशेब तिथेच बिघडतो. तेव्हा नाव विचारलं म्हणून रागावू नका. चौकशी तुमची नसते, आमची असते.

चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरांची सही, पेशंटचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण गोळ्या लिहिलेल्या हव्यात. एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागतं. दिल्यावर आम्ही चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकतो, म्हणजे तीच चिठ्ठी पुढच्या मेडिकलमध्ये चालत नाही. मोबाइलवरचा फोटो आम्ही घेत नाही. व्हिडिओ कॉलवर तपासून डॉक्टरांनाही एनडीपीएसमधली औषधं लिहून देता येत नाहीत, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत तशी मनाई आहे. गावाकडच्या आई-वडिलांसाठी इथून औषध पाठवणाऱ्या मुलांची यात पंचाईत होते, हे आम्हाला दिसतं. तरी त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

मॉर्फिनबद्दल मुद्दाम लिहितो, कारण घाबरून न घेणारे लोक आम्ही पाहिलेत. कॅन्सरच्या दुखण्यात ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचंच औषध आहे. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. मान्यता मिळालेल्या रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. आमच्या दुकानात ते नसतं. उपचार चालू असलेल्या रुग्णालयातच 'पॅलिएटिव्ह केअर' (दुखणं कमी करून आराम देणारा) विभाग कुठे आहे ते विचारा. मिळत नसेल असं धरून बसू नका.

अशी वेदनाशामक गोळी चालू असेल तर दारू नको, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गुंगी येत असताना गाडी तर नकोच. बद्धकोष्ठ बहुतेकांना होतं, लाजू नका, डॉक्टरांना सांगा. फिट येत असतील तर ट्रामाडोल घेण्याआधी ते सांगायलाच हवं. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद करू नका. आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकांना कंबरेसाठी देऊ नका, त्यांची चिठ्ठी वेगळी.

चिठ्ठी घरी राहिली असेल तर सांगा, पट्टी तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतो. रात्री दहापर्यंत दुकान उघडं असतं.