डाइकमन फार्महाउस

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाला, इनवुड भागात ब्रॉडवे व २०४ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर असलेले डच वसाहतशैलीचे शेतघर. ‘वसाहत’ शैलीपुरतीच, घर उभे राहिले तेव्हा ब्रिटिश सत्ता संपली होती.

जर्मनीतील वेस्टफेलियाहून आलेल्या यान डाइकमनचा नातू विल्यम डाइकमन (१७२५–८७) हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील मालक. १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतल्यावर कुटुंबाने शेत सोडले. परतल्यावर जुने घर व फळबागा उद्ध्वस्त झालेल्या आढळल्या. त्याने नवे घर किंग्जब्रिज रस्त्याला, म्हणजे आजच्या ब्रॉडवेला, लागून बांधले.

बांधकामाचे वर्ष काही ठिकाणी १७८३, तर बहुधा १७८४–८५ असे दिले जाते. नंतरचा काळ अधिक संभवनीय वाटतो. ब्रिटिश फौजेने शहर २५ नोव्हेंबर १७८३ रोजी सोडले, आणि कडाक्याच्या थंडीत दगडी भिंत चढवणे परवडत नाही: दगड जोडणारा ओला मातीचा गारा गोठून फुगतो व सांधे सुटतात. दक्षिणेकडील लहान खण मुख्य घराआधीचा असावा.

भिंतींत अनघड दगड व वीट असून वरच्या भागांत एकमेकींवर चढवलेल्या पांढऱ्या आडव्या फळ्या आहेत. छपराचे प्रत्येक पाखे दोन उतारांचे आहे: आढ्याकडचा उतार सौम्य, खालचा उभा. त्यामुळे आखूड वाशांतही माळ्यावर उभे राहण्याइतकी उंची मिळते. मात्र उतार बदलतो तो सांधा नाजूक. तिथे वरच्या लाकडी पट्ट्या खालच्यांवर पुरेशा चढल्या नाहीत, तर पाणी मुरून वासे कुजतात. वळचण भिंतीपुढे वक्र होऊन निघते. तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत: काही अभ्यासक फ्लेमिश (आजच्या उत्तर बेल्जियममधील) परंपरा मानतात, तर काही मातीच्या गाऱ्याचे पावसापासून रक्षण, हे कारण देतात. दुसरे कारण व्यवहाराला धरून आहे, पण तेवढ्याने वक्राकार उलगडत नाही. सरळ वळचणीनेही भिंत वाचते. पुढच्या-मागच्या ओसऱ्या सुमारे १८२५ मधील आहेत.

विल्यमनंतर शेत मुलगा जेकोबसकडे आले. घरात गुलामही राबत होते. त्यांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत.

१९१५ मध्ये मेरी अ‍ॅलिस व फॅनी या डाइकमन भगिनींनी मोडकळीस आलेले घर विकत घेतले. फॅनीचे पती, वास्तुविशारद अलेक्झांडर वेल्च यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन १९१६ मध्ये ते संग्रहालय म्हणून शहराला देण्यात आले. परसात हेसियन, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या भाडोत्री जर्मन, सैनिकांच्या झोपडीची प्रतिकृती आहे. हौशी पुरातत्त्वज्ञ रेजिनाल्ड बोल्टन यांनी परिसरात उकरलेल्या लष्करी छावणीच्या अवशेषांवरून ती उभारली.