पटावरचं पोर जातं कुठं? गळती थांबवायच्या खटपटींची पार्श्वभूमी

४ जुलै २०१५, शनिवार. माझी मावशी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवायची. त्या दिवशी सकाळी ती शाईची बाटली आणि फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घालून बाहेर पडली, कारण राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं आणि मोजलेल्या पोराच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती, म्हणजे तेच पोर दोनदा मोजलं जायला नको. संध्याकाळी घरी आली तर सगळ्यात जास्त शाई तिच्याच बोटांना होती. म्हणाली, पुलाखाली, सिग्नलला, झोपडपट्टीत पोरं सापडली, पण निम्म्या आया हेच विचारत होत्या की ही कसली लस आहे! आणि एक दहा-अकरा वर्षांची पोरगी म्हणे, बाई, माझं नाव आहे की शाळेत, मी जात नाही एवढंच.

आता हा 'नाव आहे पण जात नाही' प्रकार सरकारी कागदात नीट बसत नाही. नियमात सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं पोरही शाळाबाह्यच धरतात. पण ज्या पोराला महिन्यातून चार दिवस बाजारात, चार दिवस धाकट्याला सांभाळायला आणि दोन दिवस दवाखान्यात जावं लागतं ते कुठल्याच व्याख्येत सापडत नाही, आणि वर्ष संपता संपता तेच गळतं. म्हणून मागे जाऊन बघायला लागले की हे पोर शाळेत टिकावं म्हणून आजवर कुणी काय काय केलं, तर बरीचशी गोष्ट आपल्या पुण्यातच घडलेली निघाली.

सुरुवात अर्थात भिडे वाड्यापासून. १८४८ साली बुधवार पेठेत फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना पाठ असतं. (वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक होणार आहे.) पण गळतीच्या दृष्टीने मला त्यांची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १८५५ साली त्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालू केली. म्हणजे जो दिवसा येऊ शकत नाही त्याला 'का येत नाहीस' म्हणून दटावायच्या ऐवजी शाळेनेच आपली वेळ बदलली. पुढे १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती, आणि रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातोय ही तक्रारही होती.

मग सक्तीचा काळ आला. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये हुकूमच काढला, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती लागू करायची मुभा मिळाली, आणि मग पुण्यात काय झालं, तर सक्ती फक्त मुलांना की मुलींनाही यावर रान पेटलं, सभा उधळल्या गेल्या, रमाबाई रानडे मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि मोठी मोठी नावं समोरच्या बाजूला होती. खर्च परवडत नाही म्हणून आधी मुलगे घेऊ, असा सूर. आजही घरात फी कुणाची भरायची हा प्रश्न आला की हाच सूर लागतो, असो.

पण सक्ती केली म्हणजे पोर टिकतं का? याचं उत्तर शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२९ च्या हार्टोग समितीने आकड्यात दिलं. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत होती फक्त १८. बाकीची ८२ एकतर सुटली नाहीतर त्याच त्याच इयत्तेत बसून राहिली. समितीने याला नाव दिलं अपव्यय आणि कुंठितता. आपण आता गळती आणि स्थगिती म्हणतो. मला हा 'गळती' शब्दच गमतीशीर वाटतो. टाकी गळायला लागली तर आपण प्लंबरला बोलावतो, पाण्याला कुणी बोल लावत नाही, शाळेच्या बाबतीत मात्र कायम पाण्यालाच!

या आकड्यांचा पिच्छा आयुष्यभर पुरवला तो जे. पी. नाईकांनी. देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव ते हेच. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईत काढलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्यात कोथरूडला आली. तिथून त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग चालू केले. दिवसभर गुरं राखणारी, पोरं सांभाळणारी, शेतात राबणारी मुलं-मुली संध्याकाळची कामं उरकली की दोनेक तास कंदिलाच्या उजेडात जमायची, शिकवणारी व्यक्ती गावातलीच, आणि परीक्षेचा बाऊ नाही. या वर्गांना मुलीच जास्त यायच्या म्हणे, आणि त्यात नवल काही नाही, कारण दिवसाची शाळा मुलींच्याच कामाच्या वेळेवर येते.

शाळेने पोराकडे जायची ही कल्पना आधी प्रत्यक्षात आणली होती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, बोर्डी आणि कोसबाडला. अनुताई आपल्या मोरगावच्या, पुणे जिल्ह्यातल्या. आदिवासी पोरं गुरं चारायला कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्या, म्हणून कुरणशाळा. साधं वाटतं ऐकायला. पण मास्तरांनी खुर्ची सोडून गुरांच्या मागे जायचं, यात केवढं काय बदलतं बघा.

इकडे सरकारी पातळीवर पैसे आणि जेवणाचे मार्ग चालू झाले. महाराष्ट्रात दुर्बल घटकांतल्या प्राथमिकच्या मुलींना हजेरीच्या दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता चालू झाला नव्वदच्या दशकात. आणि तो वर्षानुवर्षं रुपयाच राहिला, रुपयात लिमलेटची गोळी यायची बंद झाली तरी! शाहू महाराजांचा दंड एक रुपया आणि आपला भत्ताही एक रुपया, मधे पाऊण शतक गेलं. १५ ऑगस्ट १९९५ पासून मध्यान्ह भोजन योजना आली, ती पहिल्यांदा शिजलेल्या अन्नाची नव्हतीच, ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायचा. त्यामुळे मुलांची पिशवी दर महिन्याला शाळेत यायची, मुलं येतीलच असं नाही. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवून द्या असं सांगितलं आणि मग खिचडी आली. मावशीचं मत विचाराल तर सगळ्या योजना एकीकडे आणि खिचडी एकीकडे. दुपारच्या सुट्टीनंतर वर्ग अर्धा रिकामा व्हायचा तो थांबला, हे तिने स्वतः पाहिलंय.

आता पुण्याची जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती सांगते. १९९० च्या सुमारास कर्वे रोडच्या एसएनडीटीतली मंडळी, लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने, कचरा वेचणाऱ्या पोरींना शिकवायला लागल्या. पोरी पहाटे आयांबरोबर कचराकुंड्यांवर जायच्या, मग शाळा कुठली. तर या बायाही त्यांच्यासोबत हिंडल्या आणि लक्षात आलं की फळा-खडू आणून काही होणार नाही. आयांना ओला-सुका वेगळा केलेला कचरा थेट घरा-ऑफिसातून मिळाला तर उकिरडा उपसायचे तास वाचतात, कमाई वाढते, आणि मग पोरीच्या हातांची गरज राहत नाही. त्यातून ओळखपत्रं आली, १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. आज तुमच्या सोसायटीत सकाळी ढकलगाडी घेऊन जी ताई येते ना, त्याचं एक मूळ पोरींना शाळेत टिकवायच्या धडपडीत आहे. गळतीवरच्या चर्चासत्रात मात्र याचं नाव कुणी घेत नाही, ते कचऱ्याच्या चर्चासत्रात येतं.

त्याच सुमारास डोअर स्टेप स्कूल ही संस्था. १९८८ ला मुंबईत चालू झालेलं काम रजनी परांजपे यांनी पुण्यात आणलं आणि इथे त्याला बांधकामाच्या साइट मिळाल्या. पुणे चहूबाजूंनी वाढत होतं, बाणेर, वाकड, खराडी, उंड्री, जिथे बघाल तिथे टॉवर, आणि प्रत्येक टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची लेबर कॅम्प. त्या पोराचं गाव विदर्भात नाहीतर कर्नाटकात नाहीतर छत्तीसगडमध्ये, स्लॅब टाकून झाले की मुक्काम हलणार, जूनमध्ये दाखला घ्यायचा तर पोर तेव्हा गावी. मग साइटवरच पत्र्याच्या खोलीत वर्ग, जवळ शाळा असेल तर तिथपर्यंत न्यायला-आणायला गाडी.

ऊसतोडीचं तसंच, उलट जास्त अवघड. दसरा-दिवाळीला मुकादम उचल देतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि बीड-नगरकडून टोळ्या बारामती, इंदापूर, दौंड, जुन्नरच्या कारखान्यांवर येतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल, हंगाम बरोब्बर त्याच्या पोटात. म्हणजे पोर पटावर गावात आणि प्रत्यक्षात कोपीवर (तोडणीवाल्यांच्या झोपडीत), पहाटे आईबाप फडात गेल्यावर धाकट्याला सांभाळत. यावर कारखान्यापाशीच भरणाऱ्या साखरशाळा झाल्या, मग हंगामी वसतिगृहं काढली की पोराला आजी-आजोबांपाशी गावातच ठेवा, आणि शिक्षण हमी कार्ड, की हे दाखवलं तर राज्यातल्या कुठल्याही शाळेने बसवून घ्यावं. ठाण्याकडे वीटभट्टीवर विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. मला यातली वसतिगृहाची कल्पना जास्त पटते, पण ती उघडायलाच दिवाळीनंतर उशीर झाला की टोळी पोरांसकट निघून गेलेली असते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाला मोफत आणि सक्तीचं, दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं विशेष प्रशिक्षण देऊन भरून काढायचं, आठवीपर्यंत नापास नाही. कागदावर खरंच चांगलं. पुढच्याच वर्षी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला पटपडताळणी झाली आणि पटावर असलेली पण वर्गात नसलेली लाखो नावं बाहेर आली. अनुदानासाठी फुगवलेला पट! म्हणजे एकीकडे खरी पोरं गळत होती आणि दुसरीकडे खोटी पोरं शंभर टक्के हजर होती. मग २०१५ ची शाई, २०२२ च्या जुलैत 'मिशन झिरो ड्रॉपआऊट', आणि आता पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणि पुन्हा नापास करता येणं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातही ते आलंच.

पण कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, आणि नेमकं तिथेच खरं गाळप चालू होतं, नववीत. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवीपर्यंतच, आठवीला नवी शाळा, नवे कपडे, बसचा पास, आणि नववीत गणित. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील रिक्षा चालवायचे, पोराचं अक्षर मोत्यासारखं पण गणिताच्या नावाने शंख. नववीच्या निकालाच्या दिवशी त्याच्या आईला सरांनी ऑफिसात बोलावलं आणि समजावलं की ताई, इथे ठेवलं तर पुन्हा नववी, त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. आईला वाटलं सर मदतच करतायत. खरं म्हणजे बाहेरून बसलेलं पोर शाळेच्या निकालात धरत नाहीत, फाटकावरचा 'शंभर टक्के निकाल'चा बोर्ड शाबूत राहतो. सतरा नंबरचा फॉर्म हा मुळात शाळा सुटलेल्यांना परत यायचा दरवाजा, तो असा बाहेर घालवायला वापरलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

बोर्डानेही थोडं वाकून घेतलं, तेही सांगायला हवं. पूर्वी दहावीला विषय राहिला की ऑक्टोबर, म्हणजे वर्ष गेलंच, आणि घरी बसलेलं पोर तोवर कुठेतरी कामाला लागलेलं. २०१५ पासून जुलैतच फेरपरीक्षा घ्यायला लागले, दोन विषयांपर्यंत राहिले तर अकरावीला एटीकेटी (म्हणजे प्रवेश घ्या, राहिलेले विषय मागून सोडवा), आणि गुणपत्रिकेवर 'नापास' न लिहिता कौशल्य विकासाकडे वाट दाखवायची पद्धतही आणली. लोक हसले त्याला. मी नाही हसले, कारण माझ्या वर्गातला तो मुलगा पहिल्यांदा तीन विषयांत राहिला आणि दुसऱ्यांदा फॉर्म भरलाच नाही.

मावशी आता रिटायर झालीय. तिच्या कपाटात एक जुनी वही आहे, शाळेच्या हजेरीपटाव्यतिरिक्त तिने स्वतःसाठी ठेवलेली, त्यात प्रत्येक नावापुढे पेन्सिलने बारीक अक्षरात टिपलंय : आई धुणीभांडी, सकाळी येत नाही, दुपारी येते. बाप आजारी. दिवाळीला गावी, फोन करणे. चप्पल नाही. एका नावापुढे नुसतं 'भाऊ सोबत आणू दे' एवढंच, आणि मावशी सांगते की तिने त्या दोन वर्षांच्या भावाला सबंध वर्षभर वर्गात कोपऱ्यात पाटी देऊन बसवलं, साहेब तपासणीला आले तेव्हा शिपाईमावशींच्या मांडीवर दिलं, आणि ती पोरगी सातवी पास होऊन गेली.