मधुमेही मुलांमधील ड जीवनसत्त्वाची कमतरता

मधुमेह असलेल्या मुलाच्या रक्तात हाडांच्या वाढीला पुरेसे ड जीवनसत्त्व नसणे, अशी या अवस्थेची व्याख्या करता येईल. ही कमतरता निरोगी मुलांमध्येही सर्रास आढळते. मात्र पहिल्या प्रकारचा मधुमेह (ज्यात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असलेल्या मुलांमध्ये तिचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. तिच्याकडे वेगळे लक्ष द्यायचे ते मुख्यतः हाडांसाठी. ड जीवनसत्त्वाने साखर उतरते किंवा मधुमेह बरा होतो, हा समज निराधार आहे आणि त्यापायी इन्शुलिन कमी केले गेले तर तो जीवावर बेततो.

योगायोग असा की दोन्ही विषयांतील निर्णायक घटना १९२२ या एकाच वर्षातल्या आहेत. त्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला उपचार म्हणून पहिल्यांदाच इन्शुलिन टोचण्यात आले. त्याच वर्षी एल्मर मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातील मुडदूस (मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार) बरा करणारा घटक अ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखवले. पुढे त्यालाच ड जीवनसत्त्व म्हटले गेले.

आहारातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते. तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि मुद्दाम जीवनसत्त्व मिसळलेले दूध सोडले तर फारसे स्रोत नाहीत. बहुतेक पुरवठा त्वचेतून होतो. उन्हातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ड३ तयार होते, यकृतात त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप बनते आणि मूत्रपिंडात कॅल्सिट्रिऑल हे क्रियाशील रूप. कॅल्सिट्रिऑलमुळे आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फरस शोषले जातात. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे घरात काचेआडून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही. गडद त्वचेला तेवढ्याच निर्मितीसाठी जास्त वेळ ऊन लागते.

मधुमेही मुलांमध्ये कमतरता अधिक का, याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. रक्तात ड जीवनसत्त्व वाहून नेणारे एक खास प्रथिन असते. मूत्रपिंडातून गाळले गेलेले हे प्रथिन एरवी नलिकांमधून परत शोषले जाते. साखर दीर्घकाळ चढी राहिली की हे काम बिघडते आणि प्रथिन, त्याला चिकटलेल्या जीवनसत्त्वासह, लघवीवाटे जाते. दुसरे कारण म्हणजे सेलिअ‍ॅक आजार. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाप्रमाणेच हाही प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या हल्ल्यातून होणारा आजार असून दोन्ही एकाच मुलात आढळणे दुर्मीळ नाही. त्यात गव्हासारख्या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचे अस्तर खराब होते, स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत आणि त्यांच्याबरोबर ड जीवनसत्त्वही वाया जाते. पोटाची काहीच तक्रार नसतानाही हे घडू शकते. म्हणून मधुमेहाचे निदान होताना आणि त्यानंतर २ व ५ वर्षांनी सेलिअ‍ॅकची रक्तचाचणी करण्याचा सल्ला दिला जातो. पूरक डोस नियमित देऊनही पातळी वाढत नसेल, तर डोस वाढवण्याआधी हीच शंका घ्यावी.

एक कारण घरातलेच आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. खेळताना साखर एकदम उतरेल या भीतीने पालक मुलाला मैदानावर पाठवायला कचरतात, शाळेतही त्याला बाजूला बसवले जाते. ऊन आणि हाडांवर पडणारा ताण या दोन्ही गोष्टी एकदमच हातच्या जातात. खेळाआधी साखर तपासणे, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवणे आणि गरजेप्रमाणे इन्शुलिनचा डोस बदलणे एवढी तयारी असेल तर ही मुले सगळे खेळ खेळू शकतात.

हाडांचा प्रश्न इथे दुहेरी आहे. हाड घडवणाऱ्या पेशींना इन्शुलिनही लागते. ते अपुरे पडले की हाडाची घडण मंदावते, आणि साखर चढी असताना लघवीतून कॅल्शियमही अधिक जाते. त्यात ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यातून येणारे कॅल्शियमही तुटपुंजे पडते. आयुष्यभर पुरणारा हाडांचा बहुतांश साठा विशीच्या आत तयार होतो, म्हणून या वयातील तूट पुढे भरून काढणे कठीण जाते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांना प्रौढपणी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, जो आता किशोरवयातही दिसतो, लठ्ठपणा हे कमतरतेचे मुख्य कारण असते. चरबीत विरघळणारे हे जीवनसत्त्व शरीरातील चरबीत अडकून राहते आणि रक्तात कमी दिसते. अशा मुलांना नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट मात्रा लागू शकते.

कमतरतेमुळेच मधुमेह होतो का, या प्रश्नाने संशोधकांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला. तान्हेपणी रोज २,००० एकके ड जीवनसत्त्व मिळालेल्यांमध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह बराच कमी आढळला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली. मात्र तो निरीक्षणावर आधारलेला होता. ड जीवनसत्त्वाची पातळी ठरवणाऱ्या जनुकांच्या आधारे नंतर झालेल्या अभ्यासांत थेट कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. मधुमेह झाल्यानंतर पूरक डोस दिल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर उतरते का, यावरील छोट्या चाचण्यांचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत.

बहुतेक मुलांमध्ये लक्षणे नसतात. असली तर पाय दुखणे, जिना चढताना दमणे, चिडचिड अशी मोघम असतात आणि मधुमेही मुलाच्या बाबतीत त्यांचे खापर लगेच साखरेवर फोडले जाते. तीव्र आणि दीर्घ कमतरतेत लहान मुलांना मुडदूस होतो: मनगटे रुंदावतात, पाय वाकतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. कॅल्शियम फार घसरले तर झटके येतात.

निदानासाठी रक्तातील २५-हायड्रॉक्सी रूप मोजतात, क्रियाशील रूप नव्हे. मुडदुसाविषयीच्या २०१६ च्या जागतिक सहमतीनुसार १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी म्हणजे कमतरता, १२ ते २० अपुरे आणि २० च्या वर पुरेसे. काही संस्था २० खालच्या सर्वच पातळीला कमतरता म्हणतात, त्यामुळे एकच अहवाल दोन डॉक्टर वेगळ्या शब्दांत सांगू शकतात. इन्शुलिन फार कमी पडल्याने होणाऱ्या कीटोअ‍ॅसिडोसिस या गंभीर अवस्थेत रक्त आम्लधर्मी झालेले असताना घेतलेल्या नमुन्यात पातळी खऱ्यापेक्षा कमी येऊ शकते. मूल सावरल्यावर चाचणी पुन्हा केलेली बरी.

प्रतिबंधासाठी पहिल्या वर्षी रोज ४०० एकके आणि त्यानंतर ६०० एकके पुरेशी मानतात. मुडदूस झाला असेल तर एक वर्षाखाली रोज २,०००, १ ते १२ वर्षे वयात ३,००० ते ६,००० आणि त्यापुढे ६,००० एकके किमान तीन महिने देतात, सोबत पुरेसे कॅल्शियमही. रक्तातील २५-हायड्रॉक्सी रूपाचे अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ) दोन ते तीन आठवडे असल्याने महिनाभरात फेरतपासणी करून फारसे काही कळत नाही. ती साधारण तीन महिन्यांनी करतात.

जादा मात्रेचा धोका मधुमेही मुलांमध्ये ओळखायला अवघड असतो. थेंबांच्या बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते, आणि आठवड्याला घ्यायचा डोस रोज दिला जाण्यासारख्या चुका होतात. ड जीवनसत्त्व अति झाले की रक्तातील कॅल्शियम वाढते. मग खूप तहान लागते, वारंवार लघवी होते, उलट्या आणि बद्धकोष्ठता होते. यांतली पहिली दोन लक्षणे साखर वाढल्याचीच वाटतात. ग्लुकोमीटरवर साखर ठीक दिसत असूनही मूल सतत पाणी मागत असेल आणि त्याला ड जीवनसत्त्व चालू असेल, तर डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. इन्शुलिन मात्र चालूच ठेवावे.