'वधू'वरून 'वेड्' आलेलं नाही

लग्नसराई आली की तो संदेश फिरायला लागतो: इंग्रजीतलं 'वेड्', म्हणजे लग्न करणं, आपल्या 'वधू'वरून गेलं. दरवर्षी वाचून चीड येते, कारण या शब्दाची खरी हकिगत फार सुंदर आहे.

वधूबद्दल फार सांगायला नको. वाजतगाजत घरी आणतात ती. अभ्यासक तिचं मूळ 'नेणे' या अर्थाच्या धातूत शोधतात. लिथुआनियनमध्येही 'वेस्ति' म्हणजे नेणं आणि पुरुषानं लग्न करणंही.

फसगत होते ती आवाजामुळे. संस्कृतातल्या 'ध'च्या जागी इंग्रजीत 'ड' येतो: मधु आणि मीड (मधाची दारू), विधवा आणि विडो. ही नाती अस्सल आहेत, पण बहिणींची, आई-मुलीची नव्हेत. मग वधू आणि वेड् का नाही? कारण आवाज जुळला तरी अर्थाचा माग काढावाच लागतो. जुन्या इंग्रजीत 'वेड्' हे नाम होतं, अर्थ तारण, हमी. त्यावरून 'वेडिअन': हमी देऊन करार करणं. कुठलाही करार! सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या इंग्रजी शुभवर्तमानात (बायबलातल्या येशूच्या चरित्रात), लूकच्या २२व्या अध्यायात, येशूला धरून देण्यासाठी त्याचाच शिष्य यहूदा याला पैसे द्यायचं याजक कबूल करतात, तिथे हेच क्रियापद आहे. तिथे कुठली नवरी?

लग्नात ते शिरलं वाङ्निश्चयातून. साधारण त्याच काळातल्या एका कायद्याच्या मजकुरात नवऱ्यामुलानं हमी द्यायची, त्याच्या माणसांनी जामीन राहायचं, आणि तो आधी गेला तर बायकोला काय मिळेल तेही आधीच सांगायचं, असं नोंदलंय. घर घेताना आपण विसार देतो ना, मी 'वेड्'ला तोच शब्द देईन. 'कन्यादान' तर मुळीच नको, तिथे अर्थच उलटा होतो. जर्मनमध्ये पैजेला म्हणतात ते 'वेटं' याचंच भावंड. फ्रेंचमधून फिरून आलेले 'वेज' (मजुरी), 'एंगेज' आणि 'मॉर्गेज'मधलं 'गेज' हेही त्याच घरचे.

'वेडलॉक'मधलं 'लॉक' कुलूप नव्हे, जुना प्रत्यय आहे. 'वेन्सडे'च्या स्पेलिंगातही 'वेड्' दिसतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही; तो वोडन देवाचा वार.

१५४९च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात नवरा म्हणतो, या अंगठीनं मी तुला 'वेड्' करतो. आणि लगेच पुढे म्हणतो, हे सोनं आणि रुपं तुला देतो.