फाइलीच्या दोन नावांवरचे पेटंट

2019 पर्यंत 64 जीबीचे नवे मेमरी कार्ड लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संगणकात घातले आणि वेगळे पॅकेज बसवलेले नसले, तर समोर एकच ओळ यायची: 'अननोन फाइलसिस्टिम टाइप एक्सफॅट'. कार्ड ठणठणीत असायचे, संगणकही. ते वाचणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नव्हता, आणि तो लिहिता येत नव्हता म्हणून नव्हे. अडचण पेटंटची होती.

याचे मूळ एक्सफॅटच्या आधीच्या फॅट या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, आहे. मायक्रोसॉफ्टने 1977 मध्ये फ्लॉपीसाठी तिची पहिली आवृत्ती केली. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि एक्स्टेन्शन तीन अक्षरांचे, एवढीच मुभा होती. विंडोज 95 ला लांब नावे हवी होती, पण जुन्या प्रोग्रॅमना त्याच फाइली उघडता येणेही गरजेचे होते. त्यावर काढलेली युक्ती खरोखरच हुशारीची आहे. फॅटच्या डिरेक्टरीत प्रत्येक नोंद 32 बाइटची असते आणि त्यातले 11 बाइट छोट्या नावाचे. लांब नाव तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे करून आधीच्या जादा नोंदींत ठेवायचे, आणि त्या नोंदींवर 'रीड-ओन्ली', 'हिडन', 'सिस्टिम' आणि 'व्हॉल्यूम लेबल' अशा चारही खुणा एकदम करायच्या. असा मेळ खऱ्या फाइलीत कधी नसतो, त्यामुळे जुने डॉस त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. मूळ नोंदीत मात्र पहिली सहा अक्षरे, ~ आणि 1 असे छोटे नाव राहते. एका फाइलीला अशी दोन नावे देण्याच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टला 1996 आणि 1998 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले.

तोवर कॅमेरे, म्युझिक प्लेअर, पेन ड्राइव्ह अशा सगळ्यांनीच फॅट स्वीकारले होते. डिसेंबर 2003 मध्ये कंपनीने परवान्याचे दर जाहीर केले: एका उपकरणामागे 25 सेंट, एका उत्पादकाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. पब्लिक पेटंट फाउंडेशनने 2004 मध्ये फेरतपासणी मागितली. पेटंट कार्यालयाने आधी पेटंट नाकारण्याचा कल दाखवला, पण 2006 मध्ये ते कायम ठेवले.

25 सेंट ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण लिनक्स कर्नल जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, आणि तिचे सातवे कलम स्पष्ट आहे: पेटंटच्या अटींमुळे पुढच्या माणसाला प्रोग्रॅम रॉयल्टीशिवाय वाटता येणार नसेल, तर तो तुम्हीही वाटायचा नाही. त्यामुळे फक्त स्वतःपुरते पैसे भरून मोकळे होणे, हा मार्गच बंद होता.

फेब्रुवारी 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने नेव्हिगेशन उपकरणे बनवणाऱ्या टॉमटॉमवर आठ पेटंटचा दावा लावला. त्यातली तीन लिनक्स कर्नलशी निगडित होती. महिन्याभरात तडजोड झाली आणि दोन वर्षांत फॅटची संबंधित सोय काढून टाकण्याचे टॉमटॉमने मान्य केले. लगेचच सांबा या खुल्या फाइल-शेअरिंग प्रकल्पाचे जनक अँड्र्यू ट्रिजेल यांनी एक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, पुढे आणला. पेटंट दोन नावांवर आहे ना, मग दुसरे नाव ठेवायचेच नाही! लांब नाव नीट लिहायचे आणि छोट्या नावाच्या 11 बाइटमध्ये नाव म्हणून चालणारच नाहीत अशी चिन्हे भरायची. कायद्याची भाषा इतक्या बारकाईने वाचून लिहिलेला कोड मी क्वचितच पाहिला आहे. पण काही उपकरणांना अशा नोंदी पचत नव्हत्या, आणि पॅच मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. चांगल्या प्रोग्रॅमरने आपले काम मुद्दाम थोडे बिघडवून द्यावे अशी वेळ यावी, हे मला आजही खटकते.

फॅटची ती पेटंटे 2013 मध्ये संपली, पण तोवर एक्सफॅट येऊन बसले होते. 2006 मध्ये आलेली ही नवी फाइल सिस्टिम मेमरी कार्डांची मानके ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनने 2009 मध्ये 32 जीबीवरच्या कार्डांसाठी ठरवून टाकली. माझ्या मते खरा पेच इथे पडला. फॅट निदान वापराने रूढ झाले होते. इथे पेटंट असलेली पद्धत मानकातच लिहिली गेली. कार्ड वाचायचे तर दुसरी पद्धत शोधून चालत नाही. सॅमसंगचा एक्सफॅट ड्रायव्हर 2013 मध्ये आधी इंटरनेटवर बाहेर आला, मग कंपनीने तो जीपीएलखाली खुला केला. कोड हाताशी आला, तरी पेटंटची टांगती तलवार तशीच होती.

  

ऑक्टोबर 2018 मध्ये मायक्रोसॉफ्ट ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये, म्हणजे लिनक्सवर एकमेकांविरुद्ध पेटंट न वापरण्याचा करार केलेल्या कंपन्यांच्या गटात, सामील झाली, आणि 28 ऑगस्ट 2019 रोजी तिने एक्सफॅटचे तपशील खुले करून कर्नलमधल्या समावेशाला पाठिंबा दिला. त्या नोव्हेंबरच्या कर्नलच्या 5.4 आवृत्तीत जुना ड्रायव्हर अजून पक्का न झालेल्या कोडच्या विभागात आला, मे 2020 च्या 5.7 मध्ये सॅमसंगचा नवा. पेटंटे मात्र सोडून दिलेली नाहीत. नेटवर्कचे सदस्य अभय देतात ते 'लिनक्स सिस्टिम' या व्याख्येत बसणाऱ्या कोडला. लिनक्सखेरीज दुसऱ्या फ्रीबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक्सफॅट आजही बाहेरून पॅकेज घेऊन बसवावे लागते.